फ्रेड ऑल्बी

फ्रेड हाउडलेट ऑल्बी (१३ एप्रिल १८७६ – १५ फेब्रुवारी १९४५) हे अमेरिकन अस्थिशल्यविशारद होते. रुग्णाच्या एका हाडाचा तुकडा काढून तो त्याच्याच दुसऱ्या हाडात बसवण्याची, म्हणजेच अस्थिरोपणाची, शस्त्रक्रिया तुरळक प्रयोगांच्या पातळीवरून नित्याच्या उपचारांत आणण्याचे श्रेय मुख्यत्वे त्यांना दिले जाते. कण्याच्या क्षयरोगावरील शस्त्रक्रिया आणि हाड कापण्याचे विजेवर चालणारे यंत्र यांसाठी ते प्रसिद्ध होते. १९२० मध्ये त्यांनी हॅरल्ड मॉरिसन यांच्यासह प्रसिद्ध केलेला कॅल्शियम फॉस्फेटविषयीचा छोटा शोधनिबंध मात्र त्यांच्या हयातीत फारसा चर्चिला गेला नाही. हाडात भरण्यासाठी आज वापरल्या जाणाऱ्या कॅल्शियम फॉस्फेट सिरॅमिकचा इतिहास सहसा याच निबंधापासून सुरू केला जातो.

बालपण आणि शिक्षण

ऑल्बी यांचा जन्म अमेरिकेच्या मेन राज्यातील ॲल्ना या लहानशा गावी शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा फळझाडांची कलमे बांधण्यात वाकबगार होते आणि हे काम फ्रेड त्यांच्याकडूनच शिकले. कलम जगायचे असेल तर खुंटाची साल डोळकाडीच्या सालीला आणि आतला हिरवा थर हिरव्या थराला नेमका भिडला पाहिजे; बोटभर जागा चुकली तरी कलम वाळते, हे त्यांना लहानपणीच ठाऊक झाले होते. पुढे हाडाच्या बाबतीत त्यांनी हाच नियम लावला. बागेतील या आठवणींचा मुख्य आधार ऑल्बी यांचे स्वतःचे आत्मचरित्र आहे आणि ते यशस्वी उतारवयात लिहिलेले आहे, हे लक्षात ठेवावे लागते. तरीही त्यांच्या शस्त्रक्रियेची पद्धत पाहता हे साम्य ओढूनताणून आणलेले वाटत नाही.

१८९९ मध्ये त्यांनी बोडन महाविद्यालयातून पदवी घेतली आणि १९०३ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातून ते वैद्यकीय पदवीधर झाले. त्यानंतर ते न्यू यॉर्कला आले. तेथे अस्थिव्यंगाच्या रुग्णांवर उपचार करताना त्यांनी याच शाखेत स्थिर होण्याचे ठरवले. १९०७ मध्ये त्यांचा विवाह लुएला बेरी यांच्याशी झाला. लुएला यांनी पतीच्या मृत्यूनंतर 'डॉक्टर अँड आय' या नावाने आठवणी लिहिल्या.

त्या काळी अस्थिव्यंगाचा उपचार म्हणजे प्रामुख्याने पट्टे, कमानी, प्लास्टर आणि दीर्घ विश्रांती असे समीकरण होते. शाखेतील अनेक ज्येष्ठ डॉक्टर शस्त्रक्रियेकडे संशयानेच पाहत. ऑल्बी यांचा कल उलट होता. दुखऱ्या खुब्याचा सांधा हाडे जोडून कायमचा स्थिर करण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. सांध्याची हालचाल गेली तरी वेदना थांबून माणूस चालू लागत असेल तर तो सौदा रुग्णाच्या फायद्याचा आहे, असा त्यामागचा विचार होता.

कण्याच्या क्षयावरील शस्त्रक्रिया

कण्याच्या क्षयरोगाला अठराव्या शतकातील इंग्लिश शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांच्या नावावरून पॉटचा रोग म्हणतात. यात मणक्यांची पुढची बाजू किडून खचते, पाठीला कुबड येते आणि मज्जारज्जूवर दाब पडल्यास पाय लुळे होतात. विसाव्या शतकाच्या आरंभी या रोगाचे बळी प्रामुख्याने लहान मुले होती. जंतूवर परिणाम करणारे औषध नव्हते. किडलेले मणके हलू न देणे एवढाच उपाय होता आणि त्यासाठी मुलांना महिनोन्‌महिने, काही वेळा वर्षानुवर्षे, प्लास्टरच्या अंगरख्यात किंवा लोखंडी चौकटीला बांधून पडून राहावे लागे. एवढे करूनही कण्याची हालचाल पूर्ण थांबत नसे. बरगड्या श्वासागणिक हलतात आणि बाहेरून कितीही घट्ट आवळले तरी मणक्यापर्यंत ती पकड पोहोचत नाही.

ऑल्बी यांनी ही चौकट शरीराच्या आत नेली. पाठीवर चीर देऊन ते किडलेल्या मणक्यांची आणि त्यांच्या वरखालच्या निरोगी मणक्यांची मागची टोके, म्हणजे पाठीवर हाताला लागणारे कंटक, मधोमध उभे चिरत. त्यामुळे एक लांब खाच तयार होई. मग रुग्णाच्याच नडगीच्या हाडातून तेवढ्याच लांबीची पट्टी कापून ती या खाचेत बसवत आणि कांगारूच्या स्नायुबंधापासून केलेल्या दोऱ्याने वरून शिवून टाकत. रोगग्रस्त भागाला हात लागत नसे, कारण रोग मणक्याच्या पुढच्या बाजूस आणि शस्त्रक्रिया मागच्या बाजूस असे. पट्टी दोन्ही टोकांना निरोगी मणक्यांशी सांधली की मधले मणके जखडले जात. हे वर्णन त्यांनी १९११ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी, काही महिने आधी, न्यू यॉर्कमधीलच रसेल हिब्ज यांनी कण्याचे मणके जोडण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली होती. हिब्ज नडगीचे हाड घेत नसत. मणक्यांच्या मागच्या भागातील हाडाचेच कपचे उचलून ते एकावर एक बसवत आणि त्यांच्यातून सलग हाड तयार होऊ देत. पहिला मान कोणाचा यावर दोघांच्या समर्थकांत बराच काळ वाद चालला. तारखांचा विचार करता प्रसिद्धीत हिब्ज पुढे होते. मणक्यांबाहेरच्या हाडाची पट्टी आतील आधार म्हणून बसवण्याची कल्पना ऑल्बी यांची होती. पुढील अनुभवात दोन्ही पद्धतींचे दोष उघड झाले. अनेक रुग्णांत हाड पूर्ण सांधत नसे, पट्टी मध्येच मोडे आणि नडगी कमकुवत होऊन तीही मोडण्याचा धोका राही. क्षयावर औषधे आल्यानंतर आणि १९५६ मध्ये हाँगकाँगमध्ये हॉजसन व स्टॉक यांनी थेट मणक्याच्या पुढच्या बाजूने रोगग्रस्त भाग काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्यानंतर ऑल्बी यांची मूळ पद्धत मागे पडली. मणके जोडून कणा स्थिर करणे ही मूळ कल्पना मात्र टिकली आणि कण्याच्या इतर अनेक विकारांत वापरली जाऊ लागली.

अस्थिरोपणाचे तंत्र

हाडाचा तुकडा दुसरीकडे बसवण्याची कल्पना ऑल्बी यांची नव्हती. फ्रान्समधील ऑलिये यांनी हाड आणि त्यावरील आवरणाच्या वाढीचा दीर्घ अभ्यास केला होता. ग्लासगोच्या विल्यम मॅकेवन यांनी १८८० च्या सुमारास एका लहान मुलाचे दंडाचे नष्ट झालेले हाड इतर रुग्णांच्या हाडांचे तुकडे लावून पुन्हा उभे केले होते. नवे हाड आवरणातून उगवते, की हाडातील पेशींतून, या प्रश्नावर ऑलिये व मॅकेवन यांची मते परस्परविरुद्ध होती आणि शल्यविशारदांत त्यावरून तट पडले होते. ऑल्बी यांनी या वादात एक व्यावहारिक वाट काढली. सगळेच थर घ्यावेत आणि प्रत्येक थर आपल्या जोडीदाराला भिडवावा, असे त्यांचे सांगणे होते: आवरणाला आवरण, कठीण हाडाला कठीण हाड, मज्जेला मज्जा. कलमाचा धडा येथे सरळच दिसतो.

असे नेमके बसवायचे तर नेमके कापता आले पाहिजे. छिन्नी-हातोड्याने हाड फुटते, तडे जातात आणि घावाचा हादरा रोगट सांध्याला बसतो. म्हणून ऑल्बी यांनी विजेवर चालणारे आणि निर्जंतुक करता येणारे यंत्र तयार करवून घेतले. ते 'ऑल्बी बोन मिल' म्हणून ओळखले जाते. त्याला दोन समांतर गोल पाती लावता येत आणि त्यांतील अंतर कमीजास्त करता येई, त्यामुळे खाच आणि तिच्यात बसणारी पट्टी सुताराच्या सफाईने एकमेकींच्या मापाची कापता येई. पात्याच्या घर्षणाने हाड तापून पेशी मरू नयेत म्हणून कापताना त्यावर सलाइनची धार धरावी लागे. याच यंत्रावर ते रुग्णाच्या हाडातून खुंट्या आणि आटे पाडलेले स्क्रूदेखील घडवत. मोडलेल्या हाडात धातूचा स्क्रू बसवण्याऐवजी रुग्णाच्याच हाडाचा स्क्रू बसवला तर तो पुढे काढावा लागत नाही, कालांतराने भोवतालच्या हाडात मिसळून जातो.

धातू व इतर परक्या पदार्थांवरील त्यांचा अविश्वास त्या काळाच्या अनुभवाला धरून होता. १८९० मध्ये बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी क्षयाने सडलेल्या सांध्यांच्या जागी हस्तिदंती सांधे बसवले होते, पण जंतुसंसर्गामुळे ते टिकले नाहीत. १८९२ मध्ये ड्रेसमान यांनी बॉन येथे हाडातील पोकळ्यांत कार्बॉलिक आम्लाचे द्रावण मिसळलेले प्लास्टर ऑफ पॅरिस भरल्याची नोंद केली. काही पोकळ्या भरून आल्या, पण प्लास्टर विरघळून जाई आणि भार पेलण्याची ताकद त्यात नव्हती. धातूच्या पट्ट्या गंजत. अशा परिस्थितीत रुग्णाचे स्वतःचे जिवंत हाड हाच एकमेव भरवशाचा पदार्थ ठरत होता.

१९१५ मध्ये त्यांचा अस्थिरोपणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९१९ मध्ये अस्थिव्यंग व पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेवरील मोठा ग्रंथ आला. जन्मतः निखळलेल्या खुब्यावर हाडाचा छज्जा बांधून मांडीच्या हाडाचे डोके आत थोपवून धरण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी याच काळात मांडली. अस्थिभंगाच्या रुग्णाला ताण देऊन स्थिर धरणारे त्यांचे शस्त्रक्रिया-टेबलही प्रचारात आले.

पहिले महायुद्ध आणि पुनर्वसन

पहिल्या महायुद्धाने अस्थिरोपणाला भरपूर आणि भीषण काम दिले. तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी हाडाचा काही इंच भागच नाहीसा होई. अशा पायाला किंवा हाताला कापून टाकण्यावाचून बहुधा गत्यंतर नसे. जखम आधी जंतुमुक्त करून मग मधली पोकळी नडगीच्या पट्टीने सांधण्याचे तंत्र ऑल्बी यांनी फ्रान्समधील लष्करी रुग्णालयांत दाखवले. फ्रान्सने त्यांना लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. अमेरिका युद्धात उतरल्यानंतर न्यू जर्सी राज्यातील कलोनिया येथे अमेरिकी लष्कराचे तिसऱ्या क्रमांकाचे सर्वसाधारण रुग्णालय उभारण्यात आले, त्याची सूत्रे ऑल्बी यांच्याकडे होती. येथे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व नंतरच्या शिक्षणाला होते. सैनिकाचा हात सांधला तरी त्या हाताने तो कोणते काम करू शकेल हे ठरवून त्यासाठी त्याला कार्यशाळेत तयार केले जाई.

हाच विचार त्यांनी युद्धानंतर कारखान्यांतील अपघातग्रस्तांपर्यंत नेला. १९१९ मध्ये न्यू जर्सीने जायबंदी कामगारांच्या पुनर्वसनासाठी आयोग नेमला. ऑल्बी त्याचे अध्यक्ष झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. शल्यविशारद म्हणून त्यांची कीर्ती मोठी असली, तरी ज्यांना त्यांच्या कामाचा प्रत्यक्ष लाभ झाला अशांत या आयोगामार्फत पुन्हा रोजगाराला लागलेल्या कामगारांचा वाटा मोठा असावा.

कॅल्शियम फॉस्फेटचा प्रयोग

स्वतःचे हाड वापरण्याची एक किंमत असते आणि ती ऑल्बी यांच्याइतकी जवळून फार थोड्यांनी पाहिली असेल. प्रत्येक रुग्णाला दोन जखमा होत. पाठीचे दुखणे घेऊन आलेल्या मुलाची धडधाकट नडगी उघडावी लागे. हाड घेतलेली जागा दुखे, कधी पिके, कधी मोडे. शिवाय शरीरातून घेता येणाऱ्या हाडाला मर्यादा असते आणि युद्धातील जखमांनी ती मर्यादा स्पष्ट केली होती.

म्हणून ऑल्बी यांनी कॅल्शियम फॉस्फेटचे एक संयुग वापरून पाहिले. त्याला त्यांनी 'ट्रिपल कॅल्शियम फॉस्फेट' असे म्हटले आहे. हाडाच्या खनिज भागात कॅल्शियम व फॉस्फेट हेच प्रमुख घटक असतात हे रसायनशास्त्राला पूर्वीपासून माहीत होते. तेच घटक मोडलेल्या जागी जास्तीचे पुरवले तर हाड लवकर भरून येईल का, असा प्रश्न होता. सशांच्या हाडात शस्त्रक्रियेने फट पाडून तीत हे संयुग सोडण्यात आले आणि संयुग न दिलेल्या सशांशी तुलना करण्यात आली. १९२० मध्ये 'ॲनल्स ऑफ सर्जरी' या नियतकालिकात ऑल्बी आणि मॉरिसन यांनी निष्कर्ष मांडला की संयुग दिलेल्या प्राण्यांत हाडाची वाढ अधिक झाली आणि सांधा लवकर जुळला.

या प्रयोगाचे महत्त्व दोन कारणांनी आहे. एक म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला, हाडाच्याच खनिजाशी नाते सांगणारा पदार्थ येथे हाडात घातला गेला आणि शरीराने त्याला नाकारले नाही. दुसरे असे की पदार्थाने भोवतालच्या हाडाला वाढीस लावावे ही अपेक्षा त्यात स्पष्ट होती. हस्तिदंत, सोने किंवा पोलाद यांच्याकडून तोवर एवढीच अपेक्षा असे की त्यांनी शरीराला त्रास देऊ नये.

तरीही ऑल्बी यांच्या शस्त्रक्रियांचा मुख्य प्रवाह बदलला नाही. नडगीची पट्टी हाच त्यांचा आधार राहिला. याची कारणे पदार्थाच्या स्वरूपात शोधता येतात. बारीक भुकटीला आकार नसतो, ती भार पेलत नाही आणि जखमेतून इतस्ततः पसरते. नव्या हाडाला आत शिरण्यासाठी जी छिद्रांची वाट लागते तीही भुकटीत नसते. संयुग नेमके कोणते, त्याची शुद्धता किती, हे पडताळण्याची साधनेही तेव्हा अपुरी होती. हाडाच्या खनिजाची स्फटिकरचना ॲपेटाइट या खनिजासारखी असल्याचे क्ष-किरणांच्या साहाय्याने डी याँग यांनी १९२६ मध्ये दाखवले, म्हणजे ऑल्बी यांच्या निबंधानंतर सहा वर्षांनी. १९३४ मध्ये हॅल्डमन व मूर यांनी निरनिराळ्या कॅल्शियम क्षारांची तुलना केली, परंतु त्या निष्कर्षांनी शल्यविशारदांचा उत्साह वाढला नाही आणि विषय बराच काळ मागे पडला.

व्हेनिस शहर आणि अखेरचा काळ

ऑल्बी यांच्या आयुष्याचा एक भाग वैद्यकाशी थेट संबंधित नाही. १९१७ च्या सुमारास त्यांनी फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर नोकोमिस येथे जमीन घेतली आणि पुढे शेजारच्या व्हेनिसमध्येही मोठे क्षेत्र खरेदी केले. तेथे नियोजनबद्ध शहर वसवावे म्हणून त्यांनी नगररचनाकार जॉन नोलन यांना आराखडा करण्यास सांगितले. १९२५ मध्ये ही जमीन रेल्वे इंजिनचालकांच्या संघटनेने विकत घेतली, नोलन यांना कायम ठेवले आणि शहराचे बांधकाम सुरू केले. फ्लोरिडातील जमिनीच्या व्यवहारांचा फुगा लवकरच फुटला आणि संघटना त्यात बुडाली. १९३३ मध्ये, मंदीच्या ऐन काळात, ऑल्बी यांनी व्हेनिसमधील बंद पडलेले एक हॉटेल घेऊन तेथे रुग्णालय सुरू केले. ते दुसऱ्या महायुद्धात लष्कराने ताब्यात घेईपर्यंत चालले. ओसाड पडू पाहणाऱ्या गावाला या रुग्णालयाने सावरले, असे स्थानिक इतिहासात मानले जाते.

१९४३ मध्ये 'अ सर्जन्स फाइट टू रीबिल्ड मेन' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात आत्मगौरवाचा सूर बऱ्याच ठिकाणी आहे आणि हिब्ज यांच्यासारख्या समकालीनांना मिळालेली जागा तुटपुंजी आहे, मात्र त्या काळातील शस्त्रक्रियागृहाचे आणि युद्धरुग्णालयांचे चित्रण मौल्यवान आहे. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

नंतरचा विकास

१९५१ मध्ये रे आणि वॉर्ड यांनी प्रयोगशाळेत बनवलेले हायड्रॉक्सिॲपेटाइट प्राण्यांच्या हाडांत वापरून पाहिले. खरा बदल १९७० च्या दशकात झाला. भुकटी दाबून, उच्च तापमानाला भाजून, आत मुद्दाम छिद्रे ठेवलेला घट्ट सिरॅमिक तुकडा बनवण्याचे तंत्र हाती आले आणि ऑल्बी यांच्या भुकटीची मुख्य उणीव दूर झाली. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे असे सच्छिद्र सिरॅमिक हिरड्यांखालील हाडाच्या दोषांत वापरले जाऊ लागले. अमेरिकेत यार्को, नेदरलँड्समध्ये डी ग्रूट आणि जपानमध्ये आओकी यांनी स्वतंत्रपणे हायड्रॉक्सिॲपेटाइट विकसित केले. दोहोंतील फरक कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या प्रमाणात आहे. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये हे गुणोत्तर १.५ आणि हायड्रॉक्सिॲपेटाइटमध्ये १.६७ असते. पहिले शरीरात तुलनेने लवकर विरघळते आणि त्याची जागा नवे हाड घेते, दुसरे दीर्घकाळ टिकते. म्हणून दोन्हींचे मिश्रणही वापरले जाते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून कृत्रिम खुब्याच्या धातूच्या दांड्यावर हायड्रॉक्सिॲपेटाइटचा थर देण्यात येऊ लागला, त्यामुळे हाड थेट धातूवर चिकटून वाढते.

याच्या जोडीने दुसरी एक वाट फ्लोरिडा विद्यापीठात निघाली. तेथील लॅरी हेंच यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याशी १९६७ मध्ये झालेल्या बोलण्यातून प्रेरणा घेऊन १९६९ मध्ये सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांची ऑक्साइडे असलेली 'बायोग्लास' ही काच तयार केली. शरीरातील द्रवांशी संपर्क येताच तिच्या पृष्ठभागावर ॲपेटाइटचा थर तयार होतो आणि हाड त्या थराशी जोडले जाते. जैवसक्रिय पदार्थ ही संज्ञा या कामानंतर रूढ झाली.

सिरॅमिक ठिसूळ असल्याने ताण आणि पीळ सहन करण्याच्या जागी ते आजही एकटे वापरता येत नाही. कणा जोडण्याच्या शस्त्रक्रियेत त्याचे दाणे अनेकदा रुग्णाच्या हाडाच्या कपच्यांत मिसळून टाकले जातात, म्हणजे हाड कमी काढावे लागते. ते हाड आता नडगीऐवजी बहुधा कमरेच्या हाडातून घेतात. नव्या सिरॅमिकची गुणवत्ता तपासताना तुलना केली जाते ती अजूनही रुग्णाच्या स्वतःच्या हाडाशीच.